जुन्या दिव्यातला पारा

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मुळशी तालुक्यात, इतर गावांप्रमाणेच, आता घरोघर एलईडीचे दिवे येत आहेत. बाजारातून चार फूट लांबीची नवी नळी आणावी, वायरमनने स्टुलावर चढून जुनी नळी उतरवावी, नवी बसवावी आणि कळ दाबताच, जराही न लुकलुकता, खोलीभर पांढराशुभ्र उजेड पडावा, हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. त्या वेळी घरातील सर्वांचे डोळे नव्या दिव्याकडे लागलेले असतात. उतरवलेली नळी कोठे गेली, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती प्रथम दाराआड उभी राहते. तेथून गोठ्याच्या माळ्यावर जाते. पुढे एखाद्या सुटीच्या दिवशी मुले तिची तलवार करून खेळू लागतात आणि ‘फट्‌’ असा मोठा आवाज होऊन तिचा चक्काचूर होतो. मग आई रागावते, काचा झाडून उकिरड्यावर टाकल्या जातात आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. परंतु त्या नळीत काचेखेरीज आणखी एक वस्तू होती. ती डोळ्यांना दिसली नाही आणि केरसुणीला सापडलीही नाही. ती वस्तू म्हणजे पारा.

दिव्यात पारा कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्यासाठी ट्यूबलाइट कशी उजळते, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये एक बारीक तार तापून लाल-पांढरी होई व प्रकाश देई. त्या बल्बला हात लावला तर चटका बसे, कारण विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच खर्च होत असे. ट्यूबलाइटची युक्ती निराळी आहे. १९३८ साली अमेरिकेत हे दिवे विक्रीस आले, तेव्हा लोकांना त्यांचे मोठे नवल वाटले. या लांब काचेच्या नळीतून बहुतेक सर्व हवा काढून घेतलेली असते. तिच्यात आर्गॉन नावाचा थोडा वायू आणि अगदी किंचित पारा ठेवून दोन्ही तोंडे बंद केलेली असतात. वीज नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागली, की पाऱ्याची वाफ उत्तेजित होते व तिच्यातून अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र नळीच्या आतल्या बाजूस जी पांढरी भुकटी माखलेली असते, तिच्यावर ते आदळले म्हणजे ती भुकटी उजळते. आपण ज्याला ट्यूबचा उजेड म्हणतो, तो त्या भुकटीचा उजेड होय. घरोघर काही वर्षे वापरले गेलेले वळ्यावळ्यांचे सीएफएल दिवेही याच जातीचे. नळी तेवढी आखूड करून वळवलेली.

नळी फुटताना एवढा मोठा आवाज का होतो, तेही यावरून ध्यानात येईल. आत जवळजवळ पोकळी असते आणि बाहेर हवेचा दाब. काचेला तडा जाताच बाहेरची हवा वेगाने आत घुसते. त्या गडबडीत आतली पांढरी भुकटी धुरासारखी उडते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. नळी जुनी होत जाते, तसा तिच्यातील पारा या भुकटीत व काचेतच मुरत जातो. म्हणून बंद पडलेली नळी निरुपयोगी झाली, तरी ती निरुपद्रवी झाली असे समजू नये.

एलईडीच्या दिव्यात पारा नसतो. अर्धवाहक पदार्थाच्या चिमुकल्या खड्यातून वीज गेली, की तो खडाच प्रकाश देतो. लाल आणि हिरवे खडे शास्त्रज्ञांना पुष्कळ आधी साधले होते. निळा साधेना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी तो साध्य केला आणि त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या देशात ‘उजाला’ ही योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब स्वस्त दरात लोकांच्या घरी पोहोचले. जुनी चार फुटी नळी आपल्या चोकसह पन्नास वॅटच्या घरात वीज घेते. तेवढ्याच लांबीची एलईडीची नळी अठरा ते वीस वॅटवर भागवते. रोज आठ तास दिवा लागत असेल, तर महिन्याकाठी सुमारे सात युनिटे वीज वाचते. नवा दिवा घ्यावा, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो जुन्याचा.

आता पाऱ्याकडे वळू. साध्या तापमानाला द्रवरूप असणारा हा एकमेव धातू. रुप्यासारखा चकाकणारा, पाण्याच्या साडेतेरा पट जड, बोटाने दाबू गेले तर निसटून शंभर कण होणारा. आपल्या वैद्यांना तो फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रागीट माणसाचा ‘पारा चढला’ असे आपण म्हणतो, ते तापमापकातील पाऱ्यावरून. इतका देखणा पदार्थ, पण त्याची वाफ होते, तिला रंग नाही की वास नाही. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली, की तेथून रक्तात उतरते आणि मेंदूला व मूत्रपिंडांना अपाय करते. लहान मुलांना आणि पोटातील बाळांना तिचे भय अधिक.

एका नळीतील पारा किती? हल्लीच्या नळ्यांत तो अवघा काही मिलिग्रॅम असतो. फार जुन्या जाड नळ्यांत याहून पुष्कळ अधिक असे. तेव्हा घरात एखादी नळी फुटली, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. खिडक्या उघडून नीट साफसफाई केली, की धोका टळतो. परंतु एका गावात शेकडो नळ्या असतात, तालुक्यात हजारो, आणि नवे दिवे आले म्हणजे त्या एकाच सुमारास खाली उतरतात. त्या साऱ्या उकिरड्यावर गेल्या तर पारा कोठे जातो, हे पाहण्यासाठी आपल्याला जपानच्या एका गावी जावे लागेल.

जपानच्या दक्षिणेस क्यूशू बेटावर मिनामाटा नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पाराभरले सांडपाणी कित्येक वर्षे खाडीत सोडले जात होते. पाण्यात वाहून गेला म्हणजे पारा संपला, असे तेव्हा वाटे. प्रत्यक्षात तो पारा घातक रूपात सूक्ष्म जीवांच्या अंगी भिनला. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले, आणि दर पायरीला विष अधिक दाट होत गेले. प्रथम गावातील मांजरे झोकांड्या खात, वेड्यासारखी गरगरत मरू लागली. मग माणसांचे हातपाय कापू लागले, दृष्टी अंधुक झाली, जीभ अडखळू लागली. मे १९५६ मध्ये या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली. पण विषारी सांडपाणी थांबायला १९६८ साल उजाडले. मासे हेच ज्यांचे अन्न, त्या कोळ्यांच्या घरांवर हा घाला पडला होता. आईला काही विशेष त्रास नसताना तिच्या पोटी जन्मलेली मुले मात्र जन्मापासून पंगू निघाली.

मिनामाटाच्या खाडीत पडलेला पारा टनांनी मोजावा एवढा होता. आपल्या उकिरड्यावरील नळ्यांची त्याच्याशी बरोबरी करणे योग्य नव्हे. मात्र पारा एकदा पाण्यात गेला की परत गोळा करता येत नाही, ही गोष्ट टनाला लागू आहे तशीच चिमटीलाही लागू आहे. आणि मुळशीच्या बाबतीत तर पाण्याचा विचार करावाच लागतो.

नकाशा उघडून पाहा. मुळा नदी याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. पुण्यास तिला मुठा मिळते, मुळामुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयातून सोलापूरच्या मुलखात जाते व शेवटी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. मुठा नदीवरील टेमघर धरणही मुळशी तालुक्यातच आहे, आणि पुणेकरांना पिण्याचे पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी ते एक आहे. हे झाले पूर्वेकडे जाणारे पाणी. मुळशी धरणाचे पाणी मात्र उलट दिशेला, पश्चिमेकडे नेलेले आहे. ते बोगद्यातून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथील वीजघरावर उतरते, तेथे वीज निर्माण करते आणि कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. असा हा तालुका दोन समुद्रांना पाणी पाठविणारा आहे. त्यात ताम्हिणीचा पाऊस! महाराष्ट्रातील सर्वांत दांडग्या पावसांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात उकिरड्यावर किंवा ओढ्याच्या काठी जे पडले असेल, ते मृगाच्या सरींनंतर तेथेच राहील याचा भरवसा नाही. ओढ्याखाली भातखाचरे आहेत, खाचरांत आंबेमोहर आहे, आणि त्याखाली नदी.

या पाण्याचा आणि विजेच्या दिव्याचा संबंध जुना व दुःखाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज हवी, म्हणून टाटा कंपनीने येथे धरण बांधण्यास घेतले. मुळशीच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांची भातजमीन पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, तुरुंगवास सोसला आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना कायमचे लाभले. लढा काही वर्षे चालला, पण अखेर धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावर मुंबईत दिवे लागले. ज्यांची शेते बुडाली, त्यांच्या घरी मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत राहिली. दिवा आपल्या दारी येतो, तेव्हा त्याची किंमत दुसरीकडे कोणीतरी देत असते, हे मुळशीकरांना जेवढे ठाऊक आहे, तेवढे क्वचितच कोणाला असेल. जुन्या नळीचेही काहीसे असेच आहे.

ही किंमत कोण देतो, ते आता पाहू. जुनी पट्टी उतरवली, म्हणजे भंगारवाला चोकला चांगला भाव देतो, कारण चोकमध्ये तांब्याची तार व लोखंड असते. पत्र्याच्या पट्टीलाही भाव येतो. नळीला मात्र कोणी काही देत नाही. टोकांची छोटी अॅल्युमिनियमची टोपणे काढून घ्यायची तर नळी फोडावी लागते. आणि ती फोडली जाते. उघड्या हातांनी आणि उघड्या नाकाने, दिवसातून कितीतरी वेळा. ज्या वस्तूला बाजारात मोल नाही, ती अखेर सर्वांत गरीब माणसाच्या हाती येते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली, आणि २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. त्यांत स्त्रियाच अधिक. केराच्या पिशवीत लपलेली फुटकी नळी प्रथम या बायांच्या बोटांना लागते. घरातून तर ती कधीच गेलेली असते.

तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याचे तापमापक बनविणारा एक कारखाना होता. त्यातील पाऱ्याने माखलेली फुटकी काच गावातील एका भंगाराच्या दुकानात आढळली, तेव्हा मोठा गहजब झाला व २००१ साली तो कारखाना बंद पडला. काच दिसली की ती भंगार, या समजुतीने केवढा घोटाळा होतो, त्याचे हे आपल्याच देशातील उदाहरण.

मग कायदा काय सांगतो? २०१६ च्या ई-कचरा नियमांनी ट्यूबलाइट व पारा असलेले इतर दिवे आपल्या यादीत घेतले. जो कारखानदार हे दिवे बनवून विकतो, त्यानेच ते जुने झाल्यावर परत घेऊन योग्य ठिकाणी पोहोचविण्याची तजवीज करावी, असे तत्त्व त्यात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनीही हे तत्त्व कायम ठेवले. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. तेथील मोठमोठ्या कचेऱ्यांसारख्या संस्थांनी आपले जुने दिवे नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच सोपविले पाहिजेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर शहरांत दर वीस चौरस किलोमीटरला अशा घातक घरगुती वस्तू जमा करण्याचे एक ठिकाण असावे, असे सांगितले होते. नियम चांगले होते. पण ते शहरांकडे पाहून लिहिलेले. ताम्हिणीच्या वाडीवरील एका घराने एक नळी घेऊन जावे तरी कोठे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. एका नळीसाठी पुण्याहून गाडी येणार नाही. शंभर नळ्यांसाठी येऊ शकेल. म्हणून गावाने त्या एकत्र जमविणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग दिसतो. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक लांब लाकडी पेटी कोरड्या, कुलूप लागणाऱ्या खोलीत ठेवावी. पेटी भरली म्हणजे नोंदणी झालेल्या केंद्रास कळवावे आणि दिल्याची पावती घ्यावी. नळ्या वाहून नेण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे.

तोपर्यंत घरी काय करावे? एवढेच, की नळी फुटू देऊ नये. अखंड नळीतून पारा बाहेर येत नाही. नवी नळी ज्या पुठ्ठ्याच्या लांब खोक्यातून येते, ते खोके फेकू नका. जुनी नळी त्यात बरोबर मावते. खोक्यावर ठळक अक्षरांनी ‘जुनी नळी, आत पारा’ असे लिहावे व ते दोरीने बांधून, लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात उभे करावे. चुलीत, शेकोटीत किंवा शेतात भाजायला रचलेल्या राबात नळी कधीही घालू नये. उष्णतेने पारा सगळाच्या सगळा वाफ होऊन हवेत जातो, आणि राबाभोवती तर घरची सारी माणसे उभी असतात.

इतके जपूनही नळी फुटलीच, तर प्रथम पंखा बंद करून दारेखिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी, मांजरासकट, खोलीबाहेर जावे. दहापंधरा मिनिटांनी घरातील मोठ्या माणसाने हातमोजे घालून, नसल्यास हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, काचा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने गोळा कराव्यात. केरसुणी वापरू नये, कारण तिने भुकटी उडते आणि पुढे तीच केरसुणी घरभर फिरते. बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, फरशी ओल्या कागदाने पुसावी, आणि हे सर्व, कागद व हातमोजे धरून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून बरणी घराबाहेर ठेवावी. नंतर साबणाने हात धुवावेत. खिडक्या आणखी काही तास उघड्या असू द्याव्यात.

पुनर्वापर केंद्रात या नळ्यांचे काय होते, हे जाणून घेण्यासारखे आहे. तेथेही नळी फोडतात. पण बंद यंत्रात, जेथील हवा सतत शोषून गाळली जाते. काच एकीकडे, टोपणे दुसरीकडे आणि पांढरी भुकटी तिसरीकडे पडते. काच व धातू वितळवून पुन्हा उपयोगात येतात. भुकटी बंद भांड्यात तापवतात. तिच्यातील पाऱ्याची वाफ होते, ती थंड केली की पुन्हा पारा हाती येतो. एका नळीत पाच मिलिग्रॅम पारा धरला, तर एक ग्रॅम पारा मिळण्यास दोनशे नळ्या लागतील, आणि तो असेल ज्वारीच्या मोठ्या दाण्याएवढा.

मिनामाटाच्या नावाने जगातील राष्ट्रांनी २०१३ साली पाऱ्याविषयी एक करार केला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. पाऱ्याच्या ट्यूबलाइटचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवावी, असे सभासद राष्ट्रांनी २०२३ साली जिनिव्हा येथे ठरविले. त्यानंतर नव्या नळ्या बनणार नाहीत. परंतु ज्या आज छताला टांगलेल्या आहेत आणि ज्या गोठ्याच्या माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत, त्या सर्व एकामागून एक खाली उतरतील, आणि त्या उतरतील तेव्हा खोके घेऊन खाली उभे असणारे हात बहुधा तुमचे असतील.